जलरंगाच्या क्लाससाठी नोकरी सोडावी का? वर्ष नऊ महिन्यांचं धरून पाहा

प्रश्न थोडक्यात : वय ४३, पुण्यातल्या खासगी शाळेत कायम कलाशिक्षक. पगार हातात ४२,०००, मूळ वेतन २८,०००. रविवारच्या जलरंगाच्या क्लासला १६ मोठी माणसं, फी महिना १,५००. गेल्या वर्षी १९ निसर्गचित्रं विकून १ लाख ६० हजार आले. घरखर्च हप्त्यासकट ५८,०००, कमावणारा एकटाच. एफडीत ११ लाख. मार्चअखेर नोकरी सोडून तळमजल्यावरचा ४५० चौरस फुटांचा गाळा घ्यायचा आहे. भाडं २२,०००, डिपॉझिट दीड लाख, सजावट चार लाख. शिवाय वाई-मेणवलीला निसर्गचित्रणाच्या कार्यशाळा घेणार आहे. गाळा घेऊ का?

उत्तर : नोकरी सोडायला हरकत नाही. मार्चमध्ये मात्र नको, आणि हा गाळा तर नकोच.

तुम्ही सगळा हिशेब बारा महिन्यांनी केला आहे. हौसेच्या क्लासची फी बारा महिने येत नाही. मे महिन्यात लोक गावाला जातात, दिवाळीत पंधरा दिवस बुडतात, मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असल्या की पालकही गळतात. नऊ महिने फी आली तर चांगलं वर्ष. भाडं मात्र बाराही महिने जाणार. वीज, सफाई धरून ते २६,००० होतं. घर आणि गाळा मिळून वर्षाला १० लाख ८ हजार लागतील, आणि एका विद्यार्थ्याकडून वर्षाला येणार १३,५००. नुसत्या क्लासवर भागवायचं तर ७५ विद्यार्थी हवेत. आज १६ आहेत.

चित्रांचा आधार धरताना जमा रक्कम धरू नका, हातात उरते ती धरा. अर्ध्या इंपिरियलचं, म्हणजे १५ × २२ इंची कागदावरचं चित्र गॅलरीत १२,००० ला गेलं आणि कमिशन एक तृतीयांश असलं, तर ४,००० तिथेच गेले. काच-फ्रेमचे २,६००. कॉटन कागदाचा तुकडा ४५० चा, पण एका चांगल्या चित्रामागे दोन वाया जातात, म्हणून १,३५०. उरले ४,०५०. तेच चित्र फ्रेम न करता चारशेच्या माउंटमध्ये (पुठ्ठ्याच्या चौकटीत) स्वतः ८,००० ला विकलंत तर ६,२५० उरतात. स्वस्त विकून जास्त पैसे! गॅलरी सोडा असं नाही, पण घर गॅलरीवर चालवू नका. १ लाख ६० हजारांतले ८० हजार खरे धरा.

वाई-मेणवलीच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचंही तसंच. माणशी ५,५०० घेऊन बारा जण आले तर ६६,००० जमा. तुम्ही आणि मदतनीस धरून चौदा जणांचं राहणं-जेवण २६,६००, गाडी १३,०००, मदतनीस ३,०००, कागद २,४००. उरतात २१,०००. आठच जण आले तरी गाडीचं भाडं तेवढंच, मग उरतात ७,४००. सहांवर जेमतेम बरोबरी. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि शेवटच्या आठवड्यात रद्द केल्यास परत नाही, हे आधीच लिहून द्या. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सहा कार्यशाळांचे १ लाख २० हजार धरा.

गाळ्याला माझा विरोध फक्त भाड्यामुळे नाही. तळमजल्याच्या भिंतीला जुलैत ओल येते. कागद दमट राहिला की त्याचं सायझिंग (पाणी लगेच मुरू नये म्हणून दिलेला लेप) बिघडतं, रंग ब्लॉटिंगसारखा आत शोषला जातो आणि आकाशाच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, ठिपके उमटतात. पावसाळ्यात पहिला वॉश वाळायलाच वेळ लागतो, म्हणून लोक हेअर ड्रायर आणतात. बारा टेबलांवर बाराशे वॉटचे बारा ड्रायर म्हणजे १४ किलोवॉट. साध्या गाळ्याचा एमसीबी लगेच पडेल. लोड वाढवून घेण्याचा खर्च तुमच्या चार लाखांत दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अनियमित कमाईत नऊ महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ५ लाख २२ हजार, बाजूला हवा. तो ठेवून डिपॉझिट आणि सजावट केलीत तर एफडीत २८,००० उरतात.

त्याऐवजी योगवर्गाचा किंवा नृत्यवर्गाचा वरच्या मजल्यावरचा हॉल तासावर घ्या. आठवड्याला बारा तास, तासाला अडीचशेच्या आसपास, म्हणजे महिना साधारण १३,०००, आणि क्लास नसेल त्या महिन्यात शून्य. घडीची टेबलं आणि पाण्याच्या बादल्या पन्नास हजारांत होतात. चित्रं आणि कार्यशाळांचे दोन लाख धरले तर या मार्गाने ४६ विद्यार्थी पुरतात. गाळा घेतलात तर तेवढ्याच आधाराने ६० लागतील. बारा-बाराच्या चार बॅच. त्याहून मोठी बॅच करू नका, प्रात्यक्षिकात तुमची पॅलेट मागच्याला दिसत नाही.

एप्रिलपासून शनिवार-रविवार बॅच वाढवा. जुलैअखेर, म्हणजे पावसातही, फी भरणारे ३६ झाले तरच राजीनामा द्या. तीन महिन्यांची नोटीस धरून ऑक्टोबरअखेर सुटाल आणि सुटताच बाहेर रंगवण्याचा हंगाम सुरू. शाळेत असेपर्यंत मुलांच्या बॅच घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करतं. सुटल्यावर मात्र पुढच्या जूनपासून एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी जरूर घ्या, पावसाळ्याचं खिंडार त्यानेच भरेल.

थांबल्याचा थोडा फायदाही आहे. मार्चला तुमची सेवा ९ वर्षं २ महिने होते, ऑक्टोबरला ९ वर्षं ९ महिने. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे १ लाख ४५ हजारांऐवजी १ लाख ६१ हजार मिळतील. पीएफच्या पासबुकात पेन्शनचा रकाना भरतोय का तेही पाहा. रुजू होतानाच मूळ वेतन १५,००० च्या वर असेल तर बहुधा तुम्ही त्या योजनेत नसाल. असलात तर दहा वर्षांवर साधारण २,१४३ रुपये महिना, वयाच्या ५८ पासून. तेवढ्यासाठी कुणी थांबू नये.

मेडिक्लेम मात्र आजच स्वतःच्या नावाने घ्या, शाळेचा सुटायच्या आधी. जुन्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते, ती आत्तापासून मोजली जाऊ दे. कर भरताना हिशेबाच्या वह्या न ठेवता ठरावीक टक्के नफा दाखवण्याच्या सवलतीच्या (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) भरवशावर राहू नका, तिच्या व्यवसायांच्या यादीत सिनेकलावंत आहेत, चित्रकार नाहीत. कागद, फ्रेम, हॉल, गाडी, सगळ्याची बिलं एका फाइलला लावायला एप्रिलपासूनच सुरुवात करा.