अडखळत बोलतोस? आधी हे वाच
अरे, यात तुझी काही चूक नाही. घाबरट आहेस म्हणून अडखळतोस असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस, टेन्शनने वाढतं हे खरं पण मूळ कारण मेंदूतल्या बोलण्याच्या टायमिंगशी जोडलेलं असतं आणि बऱ्याचदा घराण्यातही असतं. मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोक असे आहेत. तोंडात गोट्या ठेवणं, गॅरंटीवाले कोर्स, यात प्लीज पडू नकोस, स्पीच थेरपिस्ट गाठ. मुंबईत असशील तर वांद्र्याला अली यावर जंग ही बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे.

थेरपीत शब्दाची सुरुवात हलकी करायला शिकवतात, अडकलं की जोर न लावता थांबून तोच शब्द सैलपणे म्हणायचा. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मुद्दाम अडखळण्याचा, म्हणजे दुकानात, रिक्षावाल्याशी बोलताना स्वतःहून अडखळायचं, ऐकायला विचित्र वाटतं पण भीती त्यानेच कमी झाली कारण लपवण्यात, अवघड शब्द टाळण्यातच सगळी ताकद जात होती. इंटरव्ह्यूत सुरुवातीलाच सांगून टाक, मी अडखळतो, जरा वेळ द्या. आणि घरच्यांना सांग, माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.