जनुक सापडलं, मग उरलं काय?

अनेक आशीर्वाद.

पीएचडीला प्रवेश मिळाल्याचं वाचलं, फार बरं वाटलं. पत्राच्या शेवटी तू जाता जाता विचारलं आहेस, पण खरी धास्ती तीच दिसते: हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराचं जनुक १९९३ मध्येच सापडलंय, मग आता त्यात करण्यासारखं उरलं काय?

जवळजवळ सगळंच उरलंय.

अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हंटिंग्टन होता, म्हणजे त्यांना स्वतःला तो होण्याची शक्यता निम्मी. वेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी या रोगाची मोठमोठी कुटुंबं राहतात. १९७९ पासून वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तिथं वर्षानुवर्षं जात राहिले, वंशावळी मांडत आणि रक्ताचे नमुने गोळा करत. १९८३ मध्ये जिम गुसेला यांच्या गटाला चौथ्या गुणसूत्रावर या जनुकाजवळची खूण सापडली. आता जनुक हाती आलंच, असं वाटत असताना त्याला आणखी दहा वर्षं लागली. जनुक सापडल्याच्या शोधनिबंधावर लेखक म्हणून सगळ्या गटाचं एकच नाव आहे. सहा प्रयोगशाळा, ५८ माणसं. (पहिलं नाव कुणाचं यावरून लॅबमध्ये काय काय होतं, ते तुला लवकरच दिसेल.)

या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ येतात. ती ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला रोग होतोच. पण दोष जन्मापासून असताना माणूस तिशी-चाळिशीपर्यंत धडधाकट कसा राहतो? २०२५ मध्ये स्टीव्ह मॅकॅरॉल यांच्या गटाने, दान केलेल्या मेंदूंतल्या पेशी एकेक करून तपासल्या आणि दाखवलं की स्ट्रायटम या मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागातल्या काही चेतापेशींत ही संख्या आयुष्यभर वाढत राहते. साधारण १५० ओलांडल्यावर पेशी बिघडायला लागते. जनुक मिळाल्यावर बत्तीस वर्षांनी! आणि त्यासाठी माणसाचाच मेंदू लागला. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत मेंदूपेढी आहे, तिचं काम एकदा बघून ये.

तू मात्र सुरुवात उंदरांवर करणार आहेस, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हंटिंग्टनच्या अभ्यासासाठी बनवलेले आर६/२ जातीचे उंदीर घेतलेस तर पिढीगणिक त्यांचे सीएजी बदलत जातात, आणि गंमत म्हणजे संख्या फार वाढली की उंदीर जास्त आजारी न पडता उलट जास्त जगतात. म्हणजे औषधाचा गुण समजून तू जे नाचत सुटशील, तो वाढलेल्या सीएजीचा परिणाम असू शकतो. आजारी उंदराला वरच्या जाळीतला खाऊ गाठता येत नाही; ओला खाऊ पिंजऱ्याच्या तळाशी ठेवला तर एवढ्यानेही आयुष्य लांबतं. तेव्हा दोन्ही गटांना खाऊ सारखाच ठेव, तुलना एकाच वेतातल्या भावंडांशी कर, आणि कुठल्या उंदराला औषध दिलंय हे मोजणाऱ्याला कळू देऊ नकोस. एएलएस या चेतापेशींच्या दुसऱ्या रोगाच्या क्षेत्रात हे न पाळल्याचा हिशोब २००८ मध्ये बाहेर आला. अमेरिकेतल्या एका संस्थेने ७० हून अधिक औषधं काटेकोरपणे पुन्हा तपासली. आधी उंदरांत गुणकारी म्हणून छापून आलेली औषधंही त्यात होती. एकाचाही गुण टिकला नाही.

माणसांवरही आपटी खाल्लीय. या जनुकापासून बनणारं हंटिंग्टिन प्रथिन कमी करणाऱ्या टोमिनर्सेन या औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. अशा बातम्या दर दोन-तीन वर्षांनी येतील, जेवण टाकू नकोस.

महिन्यातून एकदा तरी ओपीडीत जाऊन बस. रुग्णाला ‘जीभ बाहेर काढून ठेवा’ म्हटलं की ती आपोआप आत सरकते. तुझी बोटं धरायला सांगितली तर पकड घट्ट होते, सैल होते, पुन्हा घट्ट. हे एकदा हाताला कळलं की उंदराच्या आलेखाकडे तू वेगळ्या नजरेनं बघशील. शेजारी बहुधा भाऊ किंवा मुलगी बसलेली असते. त्यांच्यादेखत वंशावळीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. जनुकाची तपासणी करून घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि न करण्याचं ठरवणारे पुष्कळ असतात. औषध कधी येणार, हे ते विचारतीलच. तारीख सांगू नकोस.

रुजू होण्याआधी गाईडना दोन गोष्टी विचार: दर पिढीला उंदरांचे सीएजी मोजून कुणी लिहून ठेवतं का, आणि लॅबमध्ये फसलेले प्रयोग कुठे नोंदतात. ते काय म्हणाले ते मला कळव, मग फेलोशिपच्या अर्जाचं बघू.