ब्रिटनमधल्या लेंग कुटुंबाची इतकी मोठी बांधकाम कंपनी फक्त 1 पौंडाला कशी विकली गेली?

किंमत 1 पौंड होती हे खरं, पण घेणाऱ्याने कंपनीबरोबर तिची अर्धवट कामं आणि त्यांतली जोखीमही घेतली. असा नाममात्र भाव लागतो तो त्यामुळेच.

1848 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंबरलँडमध्ये हा कौटुंबिक व्यवसाय सुरू झाला. त्याला देशभर नेलं ते जॉन लेंग यांनी. अत्यंत धार्मिक माणूस. कमाईतला मोठा वाटा त्यांनी दान केला, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. एम-1 महामार्गाचा 1959 चा पहिला मोठा टप्पा आणि कॉव्हेंट्रीचं नवं कॅथेड्रल ही याच कंपनीची कामं.

घात झाला तो ठरावीक किमतीच्या कंत्राटांनी. कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमचा खर्च ठरलेल्या रकमेच्या वर गेला आणि तो फरक कंत्राटदाराच्याच अंगावर आला. बांधकामात नफ्याचं प्रमाण मुळातच कमी, त्यामुळे अशी एक-दोन कामं अनेक वर्षांची कमाई गिळतात.

2001 मध्ये रे ओ'रूर्क या बांधकाम कंत्राटदारांनी याच 1 पौंडाला बांधकाम विभाग घेतला आणि 'लेंग ओ'रूर्क' उभी राहिली. घरबांधणीचा व्यवसाय 2002 मध्ये विम्पी या घरबांधणी कंपनीकडे गेला. मूळ कंपनी पायाभूत प्रकल्पांतल्या गुंतवणुकीकडे वळली. 2021 मध्ये तीही केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने विकत घेतली.