ऑफिसात कुत्रा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पाळीव कुत्रा ऑफिसात नेण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं पशुवैद्य आणि श्वानप्रशिक्षकांनी मिळून दिली आहेत. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न आटोपशीर केले आहेत.

आमचं चौदा जणांचं डिझाइन ऑफिस आहे. माझ्या दोन वर्षांच्या लॅब्रेडॉरला आठवड्यातून दोन दिवस आणायला मालकांची हरकत नाही. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

मालकांची हरकत नाही, हे झालं एक मत. उरलेल्या बारा जणांचं काय? समोरासमोर विचारलंत तर सगळे ‘हो हो, आण की’ म्हणतील. म्हणून निनावी चिठ्ठ्या घ्या आणि तीनच गोष्टी विचारा : दमा किंवा ॲलर्जी आहे का, कुत्र्याची भीती वाटते का, चालेल का. सफाईच्या मावशी आणि वॉचमन काका यांनाही चिठ्ठी द्या. शू झाली तर पुसणार कोण, हा प्रश्न त्यांच्याच वाट्याला येतो आणि त्यांनाच कुणी विचारत नाही. (उत्तर : तुम्ही पुसायची.) जागा भाड्याची असेल तर करारातलं प्राण्यांविषयीचं कलमही आधी वाचा.

मग कागदपत्रं. रेबीजची लस दरवर्षी, डिस्टेंपर-पार्व्हो (कुत्र्यांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार) गटाची लस आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळच्या वेळी, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, शिवाय महापालिकेचा परवाना. लसीकरण पुस्तिकेचा फोटो ऑफिसच्या एका माणसाकडे असू द्या. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच.

आता मुख्य काम. ऑफिसात कुत्र्याला एकच गोष्ट यायला हवी : आपल्या जागेवर पडून राहणं. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपतो, त्यामुळे हे अवघड नाही. पण शिकवावं लागतं, आणि घरी शिकवावं लागतं. साधारण तीन फूट बाय दोन फुटांची चटई किंवा गादी घ्या. तो त्यावर आला की हरभऱ्याच्या डाळीएवढा खाऊ चटईवरच ठेवा, हातातून देऊ नका. आधी दहा सेकंद बसला तरी पुरे. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, दहा मिनिटं. वेळ जमली की अंतर वाढवा : तुम्ही उठा, खोलीबाहेर जा, परत या. वेळ आणि अंतर एकदम वाढवलं की तो उठून मागे येतो, आणि बहुतेकांचं शिकवणं इथेच फसतं. दिवसभराचा हा खाऊ जेवणातून वजा करा, नाहीतर लॅब्रेडॉर बघता बघता सुटतो.

घरी अर्धा तास जमायला लागलं की तीच न धुतलेली चटई घेऊन सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात पाऊण तास बसा. पुढच्या आठवड्यात कामाच्या दिवशी दुपारचा एक तास. त्यानंतर अर्धा दिवस. पूर्ण दिवस चौथ्या आठवड्याच्या आत नको. ऑफिसची बेल वाजली की भुंकत असेल तर तिचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा, घरी अगदी हळू लावून खाऊ द्या आणि रोज थोडा थोडा वाढवा.

जागा निवडताना कोपरा बघा, म्हणजे दोन बाजूंना भिंत राहील. दाराजवळ नको, पँट्रीजवळ तर नकोच. सहा फुटांची साधी लीश जड टेबलाच्या पायाला अडकवा. चाकाच्या खुर्चीला कधीही नाही, कारण दचकून पळाला की खुर्ची त्याच्या मागे धावते. त्या चाकांचा आणखी एक त्रास म्हणजे शेपटी आणि पंजे त्यांच्याखाली येतात. जवळपासच्या सगळ्यांनी खुर्ची मागे सरकवण्याआधी खाली बघायची सवय लावून घ्यावी. आखूड लीशवर तासन्‌तास बांधून ठेवणं ही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरता ठरू शकते, तेव्हा दर तीन-चार तासांनी बाहेर न्याच. व्हिट्रिफाइड टाइल्सवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात आणि सांधे आधीच कमजोर असतील तर दुखणं वाढतं. नखं कापलेली असू द्या, पंजांमधले केस छाटा आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत रबरी मॅटची पट्टी टाका.

निघण्याआधी चाळीस मिनिटं फिरवून आणा. गाडीत उलटी होऊ नये म्हणून जेवण दोन तास आधी आटपा. पाणी दर किलो वजनाला दिवसाला ५० ते ६० मिली धरा, म्हणजे तीस किलोच्या लॅबला दीड ते १.८ लिटर. भांडं जड स्टीलचं घ्या आणि एक्स्टेन्शन बोर्डापासून लांब ठेवा.

टीममधल्या एकीला कुत्र्यांची खूप भीती वाटते, दुसऱ्याला शिंका येतात. केस न गळणाऱ्या जातीचा कुत्रा चालेल का?
– एक वाचक, वाशी

ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याची लाळ आणि त्वचेचा कोंडा यांतल्या प्रथिनांची असते, आणि ती पूडलपासून पगपर्यंत सगळ्यांत असतात. केस न गळणारा म्हणजे ॲलर्जी न होणारा, ही विक्रेत्यांची भाषा. नुसत्या शिंका असतील तर कुत्र्याचा कोपरा लांब ठेवणं, कार्पेट काढणं, कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं आणि हेपा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा एअर प्युरिफायर लावणं यांनी त्रास कमी होतो. बंद ऑफिसात एसी तीच हवा फिरवतो, म्हणून अंतरावर फार भिस्त ठेवू नका. दमा असेल तर विषय संपला, कुत्रा आणायचा नाही.

भीतीचं वेगळं. ‘काही करत नाही तो, हात लावून बघ’ हे वाक्य ऑफिसात बंद करा. त्यांना आधीच माहीत हवं की कुत्रा कुठल्या वारी येणार, कुठल्या वाटेने आत जाणार आणि कुठे बांधलेला असणार. त्यांचं टेबल, पँट्री आणि स्वच्छतागृह यांच्या मधल्या वाटेवर कुत्रा येता कामा नये. एवढं करूनही ‘नको’ म्हणाल्या तर नको. घरी ठेवता येण्याजोग्या प्राण्यासाठी माणसाला स्वतःच्याच ऑफिसात घाबरून बसायला लावणं आम्हाला पटत नाही.

बीगलचं तीन महिन्यांचं पिल्लू आहे. घरी एकटं राहत नाही, म्हणून रोज ऑफिसात नेऊ का?
– एक वाचक, नाशिक

रोज नको, अजून तर मुळीच नको. लसींचा पहिला टप्पा साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो. त्याआधी अनोळखी कुत्रे जिथे येतात त्या जमिनीवर ठेवलं तर पार्व्होचा धोका. शिवाय या वयाचं पिल्लू तीन-चार तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही, आणि दिसेल ती चार्जरची वायर चावतं. अधूनमधून तासभर, मांडीवर किंवा पिंजऱ्यात बसवून नेलंत तर माणसांची आणि आवाजांची सवय होईल, ती हवीच. पण एकटं राहायला घरीच शिकवा : पाच मिनिटं, पंधरा, तीस. नाहीतर वर्षभराने तुम्ही मीटिंगला उठलात की ते भुंकून ऑफिस डोक्यावर घेईल.

पावसाळ्यात काय करायचं? वास येतो, गोचिड्या होतात, सगळीकडे चिखलाचे पंजे.
– एक वाचक, ठाणे

दाराशीच दोन टॉवेल आणि कोमट पाण्याचं उथळ टब ठेवा. पंजे बुडवून बोटांमधली जागा कोरडी पुसायची. ओल तिथेच राहते, बुरशी तिथेच धरते आणि वासाचं निम्मं कारणही तेच. उरलेलं निम्मं बहुधा कानात असतं. कान खाजवत असेल किंवा डोकं झटकत असेल तर पशुवैद्याला दाखवा, परफ्यूम मारू नका.

गोचिड्यांसाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने चघळायची गोळी द्या. काहींचा असर महिनाभर टिकतो, काहींचा बारा आठवडे. नुसत्या गोचीडनाशक शाम्पूवर विसंबू नका, धुतला की असर गेला. गोचिडीतून एर्लिकिया हा रक्ताचा आजार होतो : ताप, खाणं बंद, हिरड्या फिकट, कधी नाकातून रक्त. लेप्टो उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मुत्रातून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस पहिल्यांदा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा, मग दरवर्षी, आणि शक्यतो जूनच्या आधी. तुंबलेल्या पाण्यातून चालवत आणू नका.

फरशीवर शू झाली तर फिनाइलवर भर देऊ नका. काळ्या फिनाइलमधली रसायनं पंज्याला लागतात आणि पंजा चाटताना पोटात जातात. वासही नुसता झाकला जातो. कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो आणि तो पुन्हा तिथेच करतो. आधी कागदाने टिपा, मग एन्झाइम क्लीनर (वासाचं मूळच मोडणारं द्रावण) ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्या, नंतर पुसा. ओतून लगेच पुसणं म्हणजे पैसे वाया.

आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे आणि ऑफिस त्याच गाळ्यात. शांत स्वभावाचा कुत्रा चालेल?
– एक वाचक, सोलापूर

नाही. अन्नपदार्थ बनतात, साठतात किंवा पॅक होतात तिथे प्राणी नकोत, हे अन्नसुरक्षेच्या स्वच्छता-नियमांत स्पष्ट आहे. स्वभावाचा इथे संबंध नाही.

दिवाळीत ऑफिसभर मिठाई आणि ड्रायफ्रूटचे डबे असतात. कशापासून जपायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

सगळ्यात आधी त्या ड्रायफ्रूटच्या डब्यापासून. मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ले तर चालतील असा सुरक्षित आकडा नाही. कारण बहुधा द्राक्षांमधलं टार्टरिक आम्ल. ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून भेळेची आंबट-गोड चटणीही लांबच. चॉकलेटचं गणित करता येतं. डार्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला साधारण ५ मिलिग्रॅम थिओब्रोमाइन (कुत्र्याला बाधणारं द्रव्य) असतं, मिल्क चॉकलेटमध्ये सुमारे २. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या आणि अस्वस्थपणा सुरू होतो, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. म्हणजे दहा किलोच्या बीगलने १०० ग्रॅमचा डार्क चॉकलेटचा बार फस्त केला तर वाट बघत बसायची वेळ नाही.

बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये गोडीसाठी घालतात त्या झायलिटॉलने अर्ध्या तासात रक्तातली साखर घसरू शकते. चिवड्यातला आणि सामोशातला कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतो. एका घासाने लगेच काही दिसत नाही, आणि म्हणूनच लोक रोज एकेक घास देत राहतात. टेबलाच्या खणातली पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन यांनाही कुलूप हवं. कुंड्यांमध्ये सायकस असेल तर ती कुंडी बाहेर काढा, तिने यकृत जातं. मनी प्लांटने फक्त तोंड चुरचुरतं.

खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याचीच विषबाधा होते. कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, किती आणि कधी, एवढं सांगत थेट पशुवैद्य गाठा. पोट रिकामं करण्याचा खरा उपयोग पहिल्या दोन तासांत होतो. रिकामं पाकीट सोबत न्या.

साहेब म्हणतात, कुत्रा असला की ताण कमी होतो हे सिद्ध झालंय. खरं का?
– एक वाचक, हिंजवडी

अर्धं. साहेब ज्याचा दाखला देत असावेत तो व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेत ग्रीन्सबरो इथल्या, चिनीमातीची भांडी विकणाऱ्या एकाच कंपनीत झाला होता. कुत्रा सोबत आणणाऱ्यांनी दिवस जाईल तसा आपला ताण उतरल्याचं सांगितलं, न आणणाऱ्यांचा चढला. लाळेतल्या कॉर्टिसॉलमध्ये (ताणाचं संप्रेरक) मात्र गटागटांत ठळक फरक नव्हता. शिवाय तिथे कुत्री आधीपासूनच येत होती. ज्यांना आवडतं त्यांना बरं वाटतं, एवढं त्यातून निघतं. प्रोजेक्टची डेडलाइन त्याने हलत नाही.

आमच्या ऑफिसच्या कुत्र्याने कुरिअरवाल्या मुलाच्या पोटरीला चावा घेतला. जखम छोटी आहे, कुत्र्याला लस दिलेली आहे. पुढे काय करायचं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आधी जखम. साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट काही नको, आणि घट्ट पट्टीही नको. त्याच दिवशी त्या मुलाला तुम्ही स्वतः दवाखान्यात घेऊन जा. ‘जाऊन ये रे’ म्हणून पाठवलं तर रोजंदारी बुडेल म्हणून तो जाणार नाही. कातडी फुटून रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम : लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं), दोन्ही. स्नायूतली लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, त्वचेतली ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्याला लस दिली आहे म्हणून माणसाची लस टाळू नका. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा. तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस कसे घ्यायचे ते डॉक्टर ठरवतात. सगळा खर्च तुमचा. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग कुत्र्याकडे वळा. चावा अचानक आला असं क्वचितच असतं. त्याआधी तोंड वळवणं, जांभया, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठरणं आणि शेवटी गुरगुरणं असतं. गुरगुरला म्हणून ज्याला फटके पडले तो गुरगुरणं सोडतो, आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. तुमचा कुत्रा दाराजवळ मोकळा असेल अशी आमची अटकळ आहे, कारण कुरिअर, डबेवाले आणि पाण्याचे जार आणणारे यांच्याशीच बहुतेक प्रसंग होतात. ती माणसं येतात, कुत्रा भुंकतो, ती जातात. कुत्र्याला वाटतं आपण पळवून लावलं, आणि रोज थोडी हिंमत वाढते. पार्सलं घ्यायची जागा गेटवर किंवा रिसेप्शनच्या बाहेर हलवा. दाराला आतून लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक बसवा. पशुवैद्याकडून दुखण्याची तपासणी करून घ्या, कान, दात आणि कंबर विशेषतः. प्रशिक्षकाने समक्ष बघून होकार देईपर्यंत त्याला ऑफिसात आणू नका.