विचारलं नाही, म्हणून सांगायचं नाही?

प्रश्न: सिंहगड रस्त्यावरचा आमचा टू बीएचके विकायला काढला आहे. सर्वांत वरचा मजला. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला गेले तीन पावसाळे ओल येते. आता ऑक्टोबरच्या उन्हात ती वाळली आहे. पेंटर म्हणतो, पुट्टी भरून दोन हात मारले की कळणारसुद्धा नाही. घर बघून गेलेलं जोडपं बारामतीकडचं आहे, त्यांचं हे पहिलंच घर. ओलीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. एजंट म्हणतो, "विचारलं तर बोला." नवरा म्हणतो, "आपण घेतलं तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं होतं?" रावेतला बुक केलेल्या फ्लॅटचा हप्ता डिसेंबरात आहे, त्यामुळे त्याचंही अगदीच चूक वाटत नाही. रविवारी ते टोकन द्यायला येणार आहेत. झोप उडाली आहे. काय करू?
– एक वाचक, पुणे

ताई, सांगा. आणि टोकन हातात घेण्याआधी सांगा.

तुम्ही हा सगळा भार मनावर घेतला आहे, पण यातला मोठा भाग कायद्यानं आधीच ठरवून ठेवला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि नेहमीची काळजी घेऊन पाहिलं तरी त्याच्या लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणं हे विकणाऱ्याचंच काम आहे. घेणाऱ्यानं विचारावं अशी अट त्यात नाही. उलट, असा दोष न सांगणं म्हणजे कपट, असं तेच कलम म्हणतं. ऑक्टोबरात कोरडी दिसणारी, वरून पुट्टी फासलेली भिंत या वर्णनात नेमकी बसते.

तरी कायद्याच्या धाकानं सांगू नका. प्रामाणिकपणा हा गुण आपल्या सगळ्यांना मान्य असतो. प्रश्न नेहमी तपशिलात अडतो. काय सांगायचं, कुणाला, कधी आणि किती? ते ठरवतो तो विवेक, आणि त्याच्याशिवाय प्रामाणिकपणा एक तर घशातच अडकतो, नाहीतर भलत्याच ठिकाणी ओतला जातो. ॲरिस्टॉटल सद्गुण दोन टोकांच्या मधे शोधायचा तो याचसाठी. तुमच्या बाबतीत एक टोक म्हणजे गप्प बसणं. दुसरं म्हणजे अपराधीपणाच्या भरात सगळंच सांगून टाकणं: हप्ता जवळ आलाय, नवरा नको म्हणतोय, चार लाख कमी दिलेत तरी चालतील. यातलं काहीही त्यांना सांगण्याची गरज नाही. तुमची पैशांची निकड आणि तुम्ही कुठवर खाली उतराल तो आकडा, ही तुमची खासगी बाब आहे. ती झाकण्यात खोटेपणा नाही.

मग सांगायचं काय? स्वतःला तीन गोष्टी विचारा. हे कळलं तर त्यांचा निर्णय किंवा भाव बदलेल का? त्यांना स्वतःहून हे दिसू शकतं का? आणि त्याचा त्रास घरात राहणाऱ्याला होईल का? ओलीची उत्तरं: हो, नाही, हो. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात उकडतं हे कुणालाही दिसतं. त्यांनी विचारलं तर खरं सांगा, नाहीतर विषय काढायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये सोसायटीला टँकर मागवावे लागत असतील, तर ते मात्र ओलीच्याच रांगेत येतं. मेंटेनन्सच्या पावत्या पुढ्यात ठेवा.

पेंटरला थांबवा. बाकी घराला रंग द्या, त्यात गैर काही नाही. पण ओल्या भिंतीवर नुसती पुट्टी मारली की पाणी बाहेरून येतच राहतं, पांढरा क्षार फुटतो, रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. आषाढात डाग त्याच जागी परत दिसतो आणि तेव्हा तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये असतो. आत्ता झाकलं, तर फार तर पुढच्या जुलैपर्यंत झाकलेलं राहील.

रविवारची वाट पाहू नका. शुक्रवारी स्वतः फोन करा, एजंटमार्फत निरोप नको. "कधीतरी थोडी ओल येते" असं मऊ बोलू नका. अशा वाक्यातून ऐकणारा हवा तो अर्थ काढतो आणि आपण सांगितल्याचं समाधान मानतो. सरळ म्हणा: "बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला तीन पावसाळे ओल येते, साधारण जुलैत सुरू होते. आत्ता वाळली आहे म्हणून दिसली नाही. पावसातले फोटो पाठवते. हवं तर तुमच्या ओळखीचा माणूस आणून बघा, आणि मग टोकनचं ठरवा." इतकं पुरे. माफी मागत बसू नका. मग तेच व्हॉट्सॲपवर फोटोंसह लिहा, आणि साठेखतात एक वाक्य घालून घ्या की या ओलीची माहिती खरेदीदारांना देण्यात आली आहे. ते वाक्य उद्या तुमचंही रक्षण करेल.

आता पैशांचं. इथे तुम्हाला वाटतंय तितकं नुकसान बहुधा होणार नाही. तुमची सोसायटी नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे अशा संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या भिंतींची आणि पावसाच्या पाण्यामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेनं करायची असते. तीन पावसाळ्यांत सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला होता का? नसेल तर उद्याच द्या आणि पोच घ्या. (इमारतीची नोंदणी सोसायटीऐवजी 'अपार्टमेंट' म्हणून असेल, तर तिच्या डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे नोंदणीच्या घोषणापत्रात, काय लिहिलंय ते आधी वाचा.) मग दोन वॉटरप्रूफिंगवाल्यांना वर न्या. बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट आणि गच्चीचा स्लॅब पॅरापेटला (कठड्याला) मिळतो तो सांधा, या तीन जागा बघायला सांगा आणि अंदाजपत्रक लेखी घ्या. समजा, खर्च 60 हजार निघाला आणि संस्था करायला तयार नाही, तर 60 हजार कमी करणं न्याय्य आहे. त्यांनी ओलीचं नाव पुढे करून तीन लाख मागितले तर नाही म्हणा. न्याय दोन्हीकडून लागतो. खरं बोलणाऱ्यानं लुटून घ्यायलाच हवं असं कुठे आहे?

सगळ्यात अवघड संवाद घरातला आहे. तुमचे यजमान लबाड आहेत असं पत्रावरून वाटत नाही, ते हप्त्याला घाबरले आहेत. "आपल्याला कुणी सांगितलं होतं?" यात राग आहे आणि तो रास्त आहे. तो आधी मान्य करा: "हो, आपल्याला फसवलं. तेव्हा किती त्रास झाला आपल्याला." मग थांबा. त्या जोडप्याची बाजू लगेच मांडू नका. नैतिकतेचं व्याख्यान दिलंत तर ते स्वतःचा बचाव करत बसतील. त्याऐवजी कागद घेऊन बसा: हप्ता किती, कधी, हे गिऱ्हाईक गेलं तर किती महिने ओढता येईल, बिल्डरकडे मुदत मागता येईल का. धैर्य नेमकं इथेच लागतं, आणि आकडे समोर असले की ते जमवणं सोपं जातं. डिसेंबर खरंच हुकणार असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

ते जोडपं मागे फिरलं तर वाईट वाटेल. तरी पुढच्या गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत हेच सांगा. एकदा सांगून तोटा झाला की दुसऱ्यांदा गप्प बसायचा मोह जास्त होतो.

एजंटला शुक्रवारी सकाळी, त्यांना फोन करण्याआधी, एवढंच कळवा: "ओलीबद्दल मी स्वतः सांगते आहे. तुमचं कमिशन ठरल्याप्रमाणे राहील." तो कुरकुरला तरी पुढचा फोन लगेच लावा.