बक्षिसाच्या गाडीवर ‘जीएसटी’ भरला, आता काय?

प्रश्न: एका शॉपिंग कंपनीच्या नावाने स्पीड पोस्टाने पत्र आलं. आतलं कार्ड खरवडलं तर १४ लाखांची गाडी! नोंदणीचे ७,५०० आणि जीएसटीचे २४,००० रुपये मी यूपीआयने भरले. आता आयकराचे ४२,००० मागतायत. नाही भरले तर करारभंगाची केस करू म्हणतात. यजमानांना यातलं काहीच माहीत नाही. – एक भगिनी, संगमनेर

उत्तर: ताई, आता एक रुपयाही पाठवू नका. केसची भीतीही मनातून काढा. तुम्ही ना कूपन घेतलं, ना कशावर सही केली. मग करार झाला कधी? शिवाय कोर्टात जायचं तर खरं नाव-पत्ता द्यावा लागतो. ते त्यांना परवडणार नाही.

बक्षिसावर कर असतो हे खरं आहे, आणि शिकलेली माणसंही नेमकी तिथेच फसतात. दर ३० टक्के. रोख बक्षीस असेल तर देणाराच कर कापून उरलेली रक्कम देतो. वस्तू असेल तर ताबा देण्याआधी कर भरला गेल्याची खात्री त्याला करावी लागते, त्यामुळे कधी विजेत्यालाच तो भरावा लागतो. पण भरायचा आयकराच्या चलानाने, स्वतःच्या पॅनवर, थेट सरकारच्या तिजोरीत. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर पैसे घेणाऱ्याचं नाव बघा: ते एका खासगी माणसाचं आहे. आणि १४ लाखांचे ३० टक्के म्हणजे ४ लाख २० हजार होतात. या भामट्यांनी एक शून्यच गाळलंय! जीएसटीचं म्हणाल, तर तो विकणारा बिलात लावतो. कुठलाही अधिकारी तो फोन करून यूपीआयवर मागत नाही.

हे वाचून होताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेलाही कळवा. असा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरतो. जिथे सापडेल तिथे तो गोठवता येतो. मग पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८(४) व ३१९(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड लागू होतं. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवा म्हणून सांगा. लिफाफा जपून ठेवा, त्याच्या बारकोडवरून पत्र कुठून टाकलं ते निघतं.

गोठवलेली रक्कम मिळवायला मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. बँक भरपाई देईलच असं मात्र धरून चालू नका. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. यजमानांना आजच सांगा, कारण ‘घरी कळवू’ हीच यांची पुढची धमकी असते.

थोड्या दिवसांनी कोणी ‘सायबर अधिकारी’ किंवा ‘वकील’ फोन करून, फी भरा, पैसे परत मिळवून देतो म्हणेल. बहुधा तीच टोळी असते. फोन ठेवा आणि तो नंबरही पोलिसांना द्या.