मोडण्याआधी जरा थांबा : जुन्या दागिन्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजीच्या बोरमाळेचा दोरा दर दोन-तीन महिन्यांनी तुटतो. ब्लाउजवर तपकिरी भुकटी पडते, काही मण्यांना पोचे आलेत. सोनार म्हणतात, मोडा आणि त्याच सोन्यात नवी करा. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : मोडू नका, ही माळ दुरुस्त होते. पडणारी भुकटी लाखेची आहे. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि पोकळ असतात, आकार टिकावा म्हणून आत लाख भरलेली असते. तिचा भुगा झाला की पत्र्याचा आधार जातो. मग बोटाच्या दाबानेही पोचा येतो आणि भोकाची उघडी पडलेली कड दोरा कापत राहते. म्हणून नुसता दोरा बदलून काही होणार नाही.

आधी पांढऱ्या कापडावर मणी क्रमाने मांडा, मोजा, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. सोनाराकडून पावतीवर मण्यांची संख्या आणि दोऱ्याशिवायचं वजन लिहून घ्या. मण्यांतली जुनी लाख मंद आचेवर पूर्ण काढायला सांगा. पत्रा फाटलेल्या मण्याला झाळ द्यायची, म्हणजे धातू वितळवून सांधायचं, तर ते लाख निघाल्यावरच. आत लाख उरली तर ती जळते, धूर कोंडतो आणि पातळ पत्रा फुटतो. जुन्या माळा दुरुस्तीतच बिघडतात त्या बहुधा इथे. पोचे काढून, नवी लाख भरून, ती मऊ असतानाच तापल्या सुईने भोक मोकळं करतात.

लाख काढली आणि नवी अजून भरली नाही, त्या वेळी एकदा वजन करायला सांगाच. निव्वळ सोनं किती, हे अचूक कळण्याची संधी एवढीच. पुढे कधी मोडायची वेळ आलीच, तर लाखेपोटी किती तूट धरायची याचा वाद उरत नाही.

ओवण्याचं काम पटवेकऱ्याकडे द्या आणि रेशमी दोराच मागा. नायलॉन ताणतो, त्याची गाठ सरकते. घरी धुताना गरम पाणी, सोडा, स्पिरिट यांतलं काहीही नको. लाख उष्णतेने मऊ पडते, अल्कोहोलमध्ये आणि सोड्यासारख्या अल्कलीत विरघळते. अत्तर किंवा परफ्यूमसुद्धा माळ घालण्याआधी लावा आणि सुकू द्या. कंपनांनी दागिने धुणाऱ्या यंत्रात ही माळ मुळीच घालू देऊ नका. कोरडं मलमल पुरेसं आहे.

प्रश्न : सासूबाईंच्या नथीचे मोती पिवळसर झालेत, तारही सैल झाली आहे. मोती बसऱ्याचे आहेत असं घरात म्हणतात. ते कसं ओळखावं? दुधात धुवावेत का? – एक वाचक, मिरज

उत्तर : दूध, लिंबू, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नका. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पदार्थ त्याचा थर खातो आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात. वयाने आलेला पिवळेपणा जात नाही, आणि तो घालवण्याची गरजही नाही. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा. नथ पाण्यात बुडवू नका, कारण खड्यामागे चकाकता वर्ख असेल तर आत पाणी शिरून खडा काळवंडतो.

बसऱ्याचे मोती म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. दातावर घासून खरखरीत लागला तर मोती खरा, ही चाचणी फक्त काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती ओळखते. संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला मोतीही तसाच लागतो. दहापट भिंगातून भोकात पाहा. कडेच्या पातळ थराखाली वेगळा गोळा आणि मध्ये स्पष्ट रेषा दिसली, तर मोती संवर्धित. नैसर्गिक मोत्याचं भोक सहसा फार बारीक असतं, कारण तो वजनावर विकला जाई आणि वजन घटवणं कुणालाच परवडत नसे. पक्का निर्णय मात्र रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत क्ष-किरणांनीच होतो.

सैल तार पक्कडीने आवळू नका. सोन्याची तार पुन्हापुन्हा वाकवली की कडक होऊन तुटते, शिवाय मोत्याला भोकापाशी तडा जातो. नवी तार घाला. आकड्याला झाळ द्यायची असेल तर मोती आधी उतरवा, मोत्याला आच सोसत नाही.

प्रश्न : आमच्या पुतळीमाळेतल्या काही पुतळ्यांवर उभा माणूस आणि गुडघे टेकलेला दुसरा माणूस आहे, कडेने अक्षरं आहेत. हे राम-सीता का? माळ अमेरिकेत मुलीकडे न्यायची आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : हे चित्र व्हेनिसच्या डुकॅट या सोन्याच्या नाण्याचं आहे. उभे आहेत ते संत मार्क, त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, डोज. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला येशू असतो. हे नाणं १२८४ पासून पाडलं गेलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. व्यापारातून ते आपल्याकडे आलं आणि पुतळी झालं. इथल्या कारागिरांनी पुढे त्याच्या नकला पाडल्या. त्यांतली अक्षरं निरर्थक, आकृती काडीसारख्या. तुमच्या माळेत दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात, म्हणून प्रत्येक पुतळी भिंगाखाली पाहा. नाणं खरं असेल तर त्याला पॉलिश करू नका, झिजलेला उठाव परत येत नाही. ओवण्याचं नाकं (वरची कडी) तुटलं असेल तर तेवढंच बदला.

नेण्याआधी वय तपासा. १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. माळ तेवढी जुनी नसेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. जुनी असेल तर ती इथेच ठेवा. मुलीसाठी तशाच ठशाची नवी माळ करून घेता येईल.

प्रश्न : जुन्या पाटल्यांवर हॉलमार्क नाही. त्या विकता येतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येतील. १ एप्रिल २०२३ पासूनची हॉलमार्कमधल्या सहा अक्षर-अंकांच्या कोडची सक्ती विकणाऱ्या सराफांवर आहे, घरातल्या दागिन्यांवर नाही. सोन्याची शुद्धता तपासणारं क्ष-किरण यंत्र फक्त वरचा थर वाचतं, म्हणून मुलामा असल्याची शंका आली तर आतल्या बाजूने बारीक घासून मग तपासा.

प्रश्न : वडिलांच्या पत्रातलं त्यांच्या हातचं माझं नाव चांदीच्या पदकावर हवं आहे. पत्राचा तुकडाच रेझिनमध्ये घालावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मूळ कागद मुळीच नको. रेझिन कागदात मुरतं, कागद तेलकट-पारदर्शक होतो, शाई पसरते आणि मागचा मजकूर पुढे दिसतो. पत्र सपाट ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन करा. फोनच्या फोटोत अक्षर कडेला वाकतं. रेघा जाड करून सारख्या करू नका, वडिलांचं वळण त्या कमी-जास्त दाबातच आहे. पदक निदान एक मिलिमीटर जाडीचं घ्या. अक्षराची उंची चार मिलिमीटरखाली गेली तर मात्रा आणि अनुस्वार भरून जातात. लेझरने वरवर कोरलेलं पॉलिशने पुसतं, म्हणून खोल कोरीवकाम सांगा आणि खाचा गंधकाच्या रसायनाने काळ्या करून घ्या. नंतर चांदी उजळवण्याच्या द्रावणात पदक बुडवू नका, तो काळा रंग आधी निघून जाईल.